परिचारिका कोणाला म्हणावे?

आपल्यापैकी बहुतेकांना केव्हा ना केव्हा इस्पितळाची पायरी चढावी लागली असेल. स्वतःसाठी नसेल, तर आईवडिलांसाठी किंवा एखाद्या शेजाऱ्यासाठी. तेथे पांढऱ्या वा फिक्या निळ्या पोशाखात जी मुलगी समोर येते, तिला आपण 'सिस्टर' अशी हाक मारतो. ती ओ देते आणि आपले समाधान होते. ती कोण आहे, किती शिकली आहे, तिच्या हातातील सुई कोणत्या अधिकाराने तिच्या हाती आली आहे, हे विचारण्याचे आपल्या मनातही येत नाही. डॉक्टरांच्या दारावरील पाटी आपण वाचतो. वकील करावयाचा झाला तर दहा ठिकाणी चौकशी करतो. परंतु डॉक्टर दिवसातून दोन वेळा येऊन गेल्यावर उरलेला सारा दिवस आणि सारी रात्र ज्या हाती आपण आपले माणूस सोपवितो, त्या हातांची चौकशी आपण करीत नाही.

मीही कधी केली नव्हती. मी शाळेत मराठी शिकविणारी बाई. वैद्यकातले मला काही कळते असा माझा दावा नाही. परंतु एका रात्री जे पाहिले, त्यामुळे या विषयाचा विचार करणे मला भाग पडले, आणि तोच विचार आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

माझी आई न्हाणीघरात पाय घसरून पडली व तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया नीट पार पडली. इस्पितळ खाजगी, वीसएक खाटांचे, डॉक्टर नावाजलेले. तिसऱ्या दिवशी रात्रपाळीला आमच्या खोलीत जी मुलगी आली, तिला पाहून मला आनंदच झाला. ती माझी जुनी विद्यार्थिनी. दहावीनंतर घरच्या ओढाताणीमुळे तिचे शिक्षण थांबले होते. त्या इस्पितळात तिला काम मिळावे म्हणून शिफारसपत्र मीच लिहून दिले होते. "कामसू, प्रामाणिक आणि मायाळू" असे मी त्यात लिहिले होते, आणि ती तिन्ही विशेषणे अक्षरशः खरी होती. दोन महिने इतरांचे पाहून ती शिकली, आणि तिसऱ्या महिन्यापासून तिला नर्सचा पोशाख देण्यात आला.

आईला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. संध्याकाळच्या जेवणाआधी इन्सुलिन द्यावे असे कागदावर लिहिले होते. मुलीने वेळ पाहिली, मात्रा दोनदा तपासली आणि इंजेक्शन दिले. हात इतका हलका की आईला कळलेसुद्धा नाही. मग ताट आले. आईला मळमळत होते. दोन घास घेऊन तिने ताट बाजूला सारले. मी म्हटले, "राहू दे आई, सकाळी खा." मुलीनेही ताट उचलून नेले. आम्हां दोघींपैकी कोणाच्याही मनात काही आले नाही.

अकराच्या सुमारास आई काहीतरी असंबद्ध बोलू लागली. कपाळावर घाम होता. मुलीने पंखा वाढविला, मायेने कपाळ पुसले, रक्तदाब मोजून कागदावर लिहिला आणि म्हणाली, "बाई, प्रेशर ठीक आहे. औषधाची गुंगी असेल. तुम्ही जरा पडा." मी पडले. त्या क्षणी तिच्यावर माझा पूर्ण विश्वास होता, कारण तिच्या अंगावर पोशाख होता आणि मनात कळवळा होता.

थोड्या वेळाने वरच्या मजल्यावरील सिस्टर कापसाचा गठ्ठा मागावयास खाली आली. तिने आमच्या दारातून आत पाहिले मात्र, ती तशीच खाटेपाशी आली. आईच्या मानेला हात लावला, हाक मारून पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला तो असा : "आजी रात्री जेवल्या होत्या का?" त्या एका प्रश्नासरशी माझ्या काळजात चर्र झाले. बोटाला सुई टोचून तिने रक्तातील साखर पाहिली. आकडा होता अडतीस. सत्तरच्या खाली गेला म्हणजे साखर कमी झाली असे समजतात, चोपन्नच्या खाली गेला म्हणजे ती धोक्याची. तिने डॉक्टरांना फोन लावला, त्यांच्या सांगण्यावरून शिरेतून ग्लुकोज दिले आणि काही मिनिटांत आईने डोळे उघडून मला विचारले, "तू अजून जागीच का ग?"

आई आज घरी आहे. काठी घेऊन हिंडतेफिरते. परंतु त्या सिस्टरला त्या वेळी कापूस कमी पडला नसता तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी त्या मुलीला बोलावून माझ्यादेखत फैलावर घेतले, आणि महिना भरताच तिला कामावरून काढून टाकले. "निष्काळजीपणा" असे कारण सांगण्यात आले. हे कारण मला आजही मान्य नाही. तिने जे जे सांगितले होते ते ते केले होते. वेळ चुकली नव्हती, मात्रा चुकली नव्हती. इन्सुलिन दिलेला रोगी जेवला नाही तर काय होते, घाम आणि बडबड ही कशाची लक्षणे असू शकतात, हे तिला कोणी शिकविलेच नव्हते. जे शिकविले नाही त्याची परीक्षा घ्यावयाची आणि नापास झाली म्हणून शिक्षा करावयाची, हे आम्हां शिक्षकांच्या नीतीत बसत नाही. दोष होता तो तिला त्या जागी उभे करणाऱ्याचा. आणि थोडासा, शिफारसपत्र लिहिणारीचा.

प्रश्नाचे मर्म या प्रसंगात आहे असे मला वाटते. इंजेक्शन देणे ही एक कृती आहे, आणि कोणतीही कृती कोणालाही काही दिवसांत शिकविता येते. परंतु ते इंजेक्शन या रोग्याला या घटकेला द्यावे की थांबून डॉक्टरांना विचारावे, दिल्यानंतर कशावर नजर ठेवावी आणि काय दिसले म्हणजे धावत सुटावे, हे कळणे म्हणजे परिचर्या. बाहेरून पाहणाऱ्याला दोघींचे हात सारखेच चालताना दिसतात. नोकरी देणाऱ्यालाही तेवढेच दिसते, आणि मग तो हिशेब करतो की एकीचे काम दुसरी करतेच आहे, तर जिला कमी पगार द्यावा लागतो तीच का नको?

आपल्या पूर्वजांना हा भेद चांगला ठाऊक होता. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगीही चार गुण असावेत असे तेथे सांगितले आहे. उपचाराचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी प्रेम आणि शुचिता हे ते चार गुण. माझ्या विद्यार्थिनीपाशी यांतले तीन भरपूर होते. नव्हता तो एकच, आणि चरकाने मोजताना आरंभ केला आहे तो त्या ज्ञानापासूनच.

आधुनिक काळात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव घेतले की आपल्या डोळ्यांपुढे हातात दिवा घेतलेली दयाळू स्त्री उभी राहते. दया तर होतीच. परंतु क्रिमियाच्या युद्धावरून परतल्यावर त्यांनी 1860 साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शाळा काढली, ती दया शिकविण्यासाठी नव्हे. रोग्याचे निरीक्षण कसे करावे, नोंद कशी ठेवावी, स्वच्छता का राखावी, हे शास्त्र म्हणून शिकविण्यासाठी ती काढली. परिचर्येवरील त्यांच्या पुस्तकात रोग्याच्या निरीक्षणावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. पुढे 1901 साली न्यूझीलंडने परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा केला आणि तेथून एक तत्त्व जगभर रूढ झाले : परीक्षा उत्तीर्ण होऊन सरकारमान्य नोंदवहीत जिचे नाव लागले, तीच परिचारिका.

आपल्या देशातही हे तत्त्व नवीन नाही. 1946 साली भोर समितीने आपला अहवाल सादर केला, तेव्हा हिंदुस्थानात सुमारे 43,000 लोकांमागे एक परिचारिका असे प्रमाण होते. ही दैना पाहूनही कोणी असे म्हटले नाही की परिचारिका थोड्या आहेत, तर वाटेल तिला परिचारिका म्हणावे. उलट 1947 साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला, तो देशभर शिक्षणाचा दर्जा एकसारखा असावा म्हणूनच. आज सहायक परिचारिका-प्रसाविकेचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, सामान्य परिचर्येचा तीन वर्षांचा आणि बी. एस्‌सी. नर्सिंगचा चार वर्षांचा आहे. प्रत्येकीला परीक्षेनंतर राज्याच्या परिषदेत नाव नोंदवावे लागते. महाराष्ट्रात त्यासाठी 1966 चा कायदा आहे, कर्नाटकात 1961 चा. 2023 साली संसदेने जुन्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा नवा कायदा संमत केला.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. 1949 साली मुंबई प्रांतात शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा झाला. आमचा बेळगाव जिल्हा त्या वेळी त्याच प्रांतात होता. शुश्रूषेचे काम करणाऱ्यांत पात्र परिचारिकांचे योग्य प्रमाण नसेल तर शुश्रूषागृहाची नोंदणी नाकारता येईल, अशी तरतूद त्या कायद्यात आहे. म्हणजे इतक्या वर्षांपूर्वीच कायदा करणाऱ्यांनी हा धोका ओळखला होता. कागदावर सारे काही आहे. उणीव आहे ती पाहणाऱ्याची आणि विचारणाऱ्याची.

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. आई घरी आल्यावर मी त्या इस्पितळाच्या डॉक्टरांना भेटले. ते शांतपणे म्हणाले, "बाई, तुमचे म्हणणे खरे आहे. पण नोंदणी झालेल्या नर्स मिळत नाहीत. मिळाल्या तर वर्षभरात सरकारी नोकरीत जातात, नाहीतर परदेशी. सगळ्या जागी शिकलेल्या नर्स ठेवल्या तर खाटेचे भाडे दुप्पट होईल. ते तुम्ही द्याल का?"

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. लहान गावातील लहान इस्पितळ चालविणे सोपे नाही, हे मी जाणते. परंतु त्या जातात का, हेही पाहिले पाहिजे. मी त्या वरच्या मजल्यावरील सिस्टरला विचारले होते. तीन वर्षे शिकून, आईवडिलांचे कर्ज डोक्यावर घेऊन ती आली, आणि तिच्या व माझ्या विद्यार्थिनीच्या पगारातील फरक नाममात्र होता. शिवाय बिलाच्या खिडकीवरचा कारकून रजेवर गेला की तिलाच तेथे बसवीत. म्हणजे अदलाबदल दोन्ही बाजूंनी चाललेली : न शिकलेलीला परिचारिका करावयाचे आणि शिकलेलीला कारकून. जेथे शिक्षणाला किंमत नाही तेथे शिकलेला मनुष्य टिकत नाही, हे आम्हां शाळेतल्या माणसांना कोणी समजावून सांगावयास नको. खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. जानेवारी 2016 मधील न्यायालयाच्या आदेशावरून केंद्र सरकारने समिती नेमली. पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही दरमहा 20,000 रुपयांपेक्षा कमी वेतन नसावे आणि दोनशेहून अधिक खाटा असतील तेथे ते सरकारी परिचारिकेच्या बरोबरीचे असावे, अशी त्या समितीची शिफारस होती. शिफारस आणि अंमलबजावणी यांत किती अंतर असते, ते आपण सारे जाणतोच.

आणि खर्चाचेच बोलावयाचे तर चुकीचाही खर्च असतो. तो फक्त इस्पितळाच्या वहीत लिहिला जात नाही. युरोपातील सहा देशांच्या रुग्णालयांची पाहणी करून संशोधकांनी 2016 साली एक निबंध प्रसिद्ध केला. दर पंचवीस रोग्यांमागे एक परिचारिका कमी करून तिच्या जागी एक मदतनीस ठेवली, तर रोगी दगावण्याची शक्यता सुमारे 21 टक्क्यांनी वाढलेली आढळते, असा त्यांचा निष्कर्ष होता. अशा पाहणीतून कार्यकारणाचा शेवटचा पुरावा मिळत नाही, हे खरे. तरीपण ती आपल्याला थांबून विचार करावयास लावते.

हा रोग केवळ आपल्याकडचा आहे असेही नाही. अमेरिकेत डॉक्टरांच्या दवाखान्यांत 'मेडिकल असिस्टंट' नावाचा मोठा वर्ग आहे. वजन, रक्तदाब घेणे, कागदपत्रे पाहणे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही इंजेक्शने देणे ही त्यांची कामे. बहुतेक राज्यांत त्यांना परवाना लागत नाही. परिचारिकेला मात्र राष्ट्रीय परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. तरीही दवाखान्यात दोघींनाही 'नर्स'च म्हणण्याची चाल पडली आहे. त्यावर तेथील अनेक राज्यांनी 'नर्स' ही संज्ञाच कायद्याने राखून ठेवली आहे. कॅलिफोर्नियात तर अशा साहाय्यकाने शिरेतून सलाइन लावू नये, फोनवर रोग्याची लक्षणे ऐकून स्वतः सल्ला देऊ नये, अशी मर्यादा स्पष्ट घालून दिलेली आहे. मर्यादा लिहिलेली असली म्हणजे मदतनिसाचाही बचाव होतो. "हे माझे काम नाही, सिस्टरांना बोलावते" असे म्हणण्याचा तिला हक्क राहतो. माझ्या विद्यार्थिनीला असे म्हणण्याची सोय नव्हती. म्हटले असते तर नोकरी गेली असती. नाही म्हटले, तरीही गेली.

येथे कोणाचा गैरसमज होऊ नये. मदतनीस नकोत असे मी मुळीच म्हणत नाही. रोग्याला अंघोळ घालणे, भरविणे, अंथरुणात कूस बदलून पाठीला जखमा होऊ न देणे, म्हाताऱ्या माणसाचा हात धरून त्याला चार पावले चालविणे, ही कामे हलकी नाहीत, आणि ती मायेने करणारी माणसे नसतील तर एकही इस्पितळ चालणार नाही. त्यांच्यासाठी आता काही महिन्यांचे रीतसर अभ्यासक्रमही निघाले आहेत. त्यांना त्यांच्या कामाचे नाव, त्या कामाचे शिक्षण आणि पोट भरेल एवढा पगार द्यावा. खोटे नाव देऊन त्यांचा सन्मान होत नाही. आमच्या शाळेतील शिपाई आजारी शिक्षकाच्या वर्गावर दहा मिनिटे बसतो, मुलांना शांत ठेवतो, आम्ही त्याचे आभार मानतो. पण म्हणून वर्षभर गणित त्याच्याकडे सोपवून निकालाचा जाब त्यालाच विचारला, तर तो त्याच्यावरही अन्याय आणि मुलांवरही.

तर मग आपल्या हाती काय आहे? पुष्कळ आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या छातीवर नाव आणि हुद्दा मराठीत वा त्या प्रांताच्या भाषेत स्पष्ट लिहिलेला असावा आणि पोशाखाचा रंग वेगळा असावा, एवढी मागणी तर बिनखर्चाची आहे. आपले माणूस दाखल करताना, "रात्रपाळीला नोंदणी असलेली परिचारिका किती रोग्यांमागे असते?" हा प्रश्न नम्रपणे विचारावा. परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका असावी. वीस खाटांना एक असे उत्तर मिळाले तर निदान आपल्याला जागे राहावयाचे आहे, एवढे तरी कळेल. इंजेक्शन देण्यापूर्वी ते कशाचे, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगल्या परिचारिकेला असा प्रश्न आवडतो. आणि मुलगी दहावी-बारावी झाली की "दोन महिन्यांत नर्स बना" असल्या जाहिरातींना भुलून तिला पाठवू नये. ती संस्था परिषदेने मान्य केलेली आहे की नाही, हे आधी पाहावे.

माझी मावशी परिचारिका होती. सरकारी रुग्णालयात तिने सारी नोकरी केली. निवृत्त झाल्यावर तिने सोन्याची साखळी मुलीला दिली, पण नोंदणीचे प्रमाणपत्र चौकट करून भिंतीवर लावले, येशूच्या तसबिरीच्या शेजारी. लहानपणी मला त्याचे हसू यायचे. एवढा एक कागद, त्याचे काय एवढे? त्या रात्रीनंतर मला त्याचा अर्थ कळला. त्या कागदावर तिच्या ज्ञानाची कोणीतरी परीक्षा घेतली होती आणि कोणीतरी सही केली होती. अनोळखी माणसाने आपला जीव निर्धास्तपणे तिच्या स्वाधीन करावा, तो त्या सहीच्या भरवशावर.

माझी विद्यार्थिनी परवा भेटावयास आली होती. बाहेरून बारावीची परीक्षा दिली आहे. निकाल लागावयाचा आहे. उत्तीर्ण झाली तर परिचर्येच्या अभ्यासक्रमाला अर्ज करणार म्हणते. जाताना थोडी घुटमळली आणि म्हणाली, "बाई, पुन्हा एक पत्र द्याल?" मी देणार आहे. मात्र या वेळी ते नोकरीसाठी नसेल, शिक्षणासाठी असेल.